अबायच्या नकाशातली टिंबांची रेघ

मुठाकाठी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज इथे मांडते.

माझे आजोबा साठच्या दशकात इथिओपियात शिक्षक होते. डेब्रे मार्कोस नावाच्या गावी सरकारी शाळेत गणित शिकवायचे. त्या काळी आपल्याकडून पुष्कळ शिक्षक तिकडे गेले होते. आजोबा वारले तेव्हा मी सहावीत, त्यामुळे विचारायचं ते सगळं राहूनच गेलं. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत त्यांची लोखंडी ट्रंक उघडली. तळाशी एक जुना इंग्रजी ॲटलास निघाला, पुठ्ठा कसरीने खाल्लेला. तो आजोबांच्याही आधीचा असणार, कारण त्यातले देश आणि सरहद्दी पहिल्या महायुद्धानंतरच्या आहेत.

ॲबिसिनियाच्या, म्हणजे इथिओपियाच्या जुन्या नावाच्या, पानावर अबाय नदी आहे. आपण शाळेत जिला 'निळी नाईल' म्हणून शिकलो ती. ताना सरोवराच्या दक्षिणेला उगम, तिथून सरोवरापर्यंत ठळक निळी रेघ. सरोवरातून बाहेर पडल्यावर थोडं अंतर पुन्हा निळी रेघ. मग मात्र नदी मोठा वळसा घेते आणि त्या वळशात रेघ तुटून नुसती टिंबं टिंबं होतात. सुदानच्या हद्दीजवळ परत निळी रेघ सुरू. त्या टिंबांशेजारी आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, 'इथे बसने उतरलो. खाली जायला दोन तास.' त्याखाली आणखी एक शब्द आहे, तो पुसट झालाय, मला लागत नाही.

जरा शोधाशोध केली तर कळलं की या नदीचा उगम युरोपी माणसाने १६१८ मध्ये पाहून लिहून ठेवला होता. दुसरं टोक खार्टूमला, जिथे ती पांढऱ्या नाईलला मिळते, तेही सगळ्यांना ठाऊक. मग तीनशे वर्षांनंतरच्या ॲटलासात मधला भाग टिंबांचा का? उगम आणि शेवट माहीत असताना मधली नदी माहीत नाही, असं कसं होतं?

जाणकारांनी सांगावं. आजोबा त्या टिंबांवरून गेले होते, म्हणून हे मला नीट समजून घ्यायचंय.

गडवाट

ताई, ट्रंकेतला ऐवज मोठा आहे. ॲटलास प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, सुती कापडात गुंडाळा.

आधी नदीचा आकार डोळ्यांसमोर आणू, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे. अबाय उगम पावते ती गिश नावाच्या ठिकाणी, साधारण २७०० मीटरच्या वर. तिथून ती चक्क उत्तरेला जाते आणि ताना सरोवरात शिरते. या भागाला 'गिलगेल अबाय', म्हणजे धाकटी अबाय म्हणतात. ताना सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १७८५ मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंच जागी तीन हजार चौरस किलोमीटरचं तळं! त्याच्या दक्षिण टोकाला बहर दार शहरापाशी नदी बाहेर पडते. तीसेक किलोमीटरवर टिस अबायचा धबधबा, नावाचा अर्थ 'अबायचा धूर'. पुढे ती आग्नेयेला, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला आणि शेवटी वायव्येला वळून सुदानात उतरते. म्हणजे चोके पर्वताला जवळजवळ प्रदक्षिणाच. त्या प्रदक्षिणेच्या आत राहतो तो गोज्जाम प्रांत, तीन बाजूंनी नदीने वेढलेला. तुमच्या आजोबांचं डेब्रे मार्कोस त्याच गोज्जाममध्ये.

आणखी एक सांगतो, मग मला आवरणार नाही. तिथला दगड आपलाच आहे. म्हणजे जातीने आपला. सह्याद्री ज्या लाव्ह्याच्या थरांचा झाला ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, इथिओपियाचं पठार सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं. दोन्हीकडे बेसाल्ट, दोन्हीकडे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर, खाली काळी चिकणमाती. सपाट माथ्याच्या, चहूबाजूंनी कडे तुटलेल्या डोंगराला तिकडे 'अंबा' म्हणतात आणि त्यावर किल्ले, तुरुंग, मठ बांधत. फोटो दाखवला तर आपला ट्रेकर म्हणेल, हा कुठला किल्ला, नाशिककडचा का?

सुरंगी

गोव्याची आहे, त्यामुळे या धाग्यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

१६१८ ला उगम पाहणारा पेद्रो पाएस हा स्पॅनिश जेझुइट पाद्री. तो इथिओपियाला गेला तो आमच्या गोव्याहून. १५८९ मध्ये तो आणि आंतोनिओ दे मोन्सेरात असे दोघे गोव्याहून निघाले आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडले गेले. जवळजवळ सात वर्षं येमेनमध्ये कैदेत. काही काळ गलबतावर वल्हवायला बांधलेले. हद्रमौतमध्ये त्यांना 'काहवा' प्यायला दिला, त्याची आठवण पाएसने लिहून ठेवली आहे. युरोपी माणसाने कॉफीबद्दल लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक. १५९६ मध्ये खंडणी भरून सुटले आणि परत गोव्यात आले. पाएस पुन्हा निघाला, या वेळी दीवहून, आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेषात. १६०३ मध्ये मसावा बंदरात उतरला आणि मग मरेपर्यंत तिथेच राहिला.

आता मोन्सेरात. हा आधी अकबराच्या दरबारी होता, १५८० ते १५८२. त्याने काढलेल्या नकाशात हिमालय आहे, युरोपी माणसाने काढलेल्या हिमालयाच्या सगळ्यात जुन्या नकाशांपैकी तो एक. अकबराच्या दरबाराची हकिगत त्याने पूर्ण केली ती येमेनच्या कैदेत बसून. १६०० मध्ये तो आमच्या सासष्टीत वारला. एकाच गलबतातून निघालेल्या दोघांपैकी एकाने हिमालय कागदावर आणला आणि दुसऱ्याने अबायचा उगम. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला ना, तो मुळात इथिओपियाला चालला होता. वाटेत गोव्यात थांबला आणि इथलाच झाला.

पेठकर

वा! छापखान्याचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

दुर्बीण

पाएसचं श्रेय मान्य, पण मला जेम्स ब्रूसची बाजू मांडायचीय. हा स्कॉटिश माणूस ४ नोव्हेंबर १७७० ला गिशला पोचला. पायातले जोडे काढून त्या पवित्र हिरवळीवर धावत गेला, नारळाच्या करवंटीच्या पेल्यात उगमाचं पाणी घेऊन राजाच्या नावाने प्यायला. हे नाट्य सोडून द्या. महत्त्वाचं म्हणजे त्याच्याकडे कोनमापक आणि दुर्बिणी होत्या आणि त्याने गिशचा अक्षांश काढला १० अंश ५९ मिनिटे. आजचं मोजमाप त्याच्या एकदोन मिनिटांच्या आतबाहेर आहे. खेचरावर लादून आणलेल्या उपकरणांनी, यादवी चालू असलेल्या देशात, रात्री ताऱ्यांकडे बघून! पाहणं वेगळं आणि नकाशावर जागा पक्की करणं वेगळं. मूळ प्रश्न नकाशाचा आहे, म्हणून मला ब्रूस मोठा वाटतो.

सुरंगी

दुर्बीण, अक्षांशाबद्दल पूर्ण सहमत. पण त्याच ब्रूसने आपण पहिले ठरावं म्हणून पाएस तिथे गेलाच नव्हता असं लिहिलं. पाएसचं वर्णन कीर्चर या जेझुइट पंडिताने लॅटिनमध्ये १६५२ ला छापलं होतं, ब्रूसला ते माहीत होतं. १७७० च्या आधी जेरोनिमो लोबो हा जेझुइट पाद्रीही गिशला जाऊन आला होता. शिवाय ब्रूसबरोबर लुइजी बालुगानी नावाचा तरुण इटालियन चित्रकार होता. चित्रं, नोंदी यांत त्याचा वाटा मोठा. तो गोंदरला वारला आणि ब्रूसच्या पुस्तकात त्याला त्याचा मान मिळाला नाही. मला याचा राग येतो. परमुलखात बरोबर चाललेल्या माणसाचं नाव गाळायचं नसतं.

दुर्बीण

बालुगानीचं मान्य. तिथे ब्रूसचा बचाव मी करणार नाही.

वाळवंटातली_वही

दोघांचं वाचलं. पण पाएस १६१८ ला तिथे गेला तो सूसेन्योस सम्राटाच्या लवाजम्याबरोबर. सम्राटाला वाट माहीत होती, वाटाड्यांना माहीत होती, तिथल्या आगाव लोकांच्या तर घराशेजारचा तो झरा. इथिओपियन ख्रिस्ती परंपरेत अबाय म्हणजे बायबलमधली गिहोन, स्वर्गातून निघालेल्या चार नद्यांपैकी एक. लोक तिथलं पाणी तीर्थ म्हणून नेत होते. मग 'शोध' कुणाचा?

नकाशापुरतंच बोलायचं तरी पहिलं श्रेय इथिओपियन माणसांकडेच जातं. व्हेनिसच्या फ्रा माउरोने १४५० च्या सुमारास जगाचा मोठा नकाशा केला. त्यात अबाय, तेकेझे, आवाश या नद्या त्यांच्या नावांसह आहेत. त्याने स्वतःच लिहिलंय की ही माहिती मला त्या देशातल्या धर्मगुरूंनी दिली, आपल्या हाताने प्रांत, शहरं, नद्या काढून दाखवल्या. पाएसच्या दीडशे वर्षं आधी! पुढे हिओब लुडोल्फ या जर्मन पंडिताने १६८३ ला इथिओपियाचा नकाशा छापला. लुडोल्फने इथिओपियात पाऊल टाकलं नव्हतं. त्याच्यासमोर बसून भाषा आणि मुलूख समजावून देणारा होता अब्बा गोर्गोर्योस, इथिओपियन पाद्री.

अब्बा गोर्गोर्योस हे नाव भूगोलाच्या पुस्तकात यायला हवं. मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

सुरंगी

वही, हे पटलं. 'शोध' हा शब्द मी मागे घेते. 'लिहून ठेवलं' म्हणू. दोन झऱ्यांची तोंडं किती वीत रुंद, भाला आत घातला तर किती खोल जातो, आजूबाजूची जमीन कशी दलदलीची, हे सगळं पाएसने लिहिलंय. झऱ्यात भाला खुपसून खोली बघणारा माणूस मला आवडतो.

नकाशाच्या बाबतीत मानुएल द आल्मेइदाचं नाव राहिलं. हा इथिओपियाला जायच्या आधी वसईच्या जेझुइट विद्यालयाचा प्रमुख होता. वसईच्या किल्ल्यात त्याचे अवशेष आजही उभे आहेत. दहाएक वर्षं इथिओपियात राहून, हकालपट्टी झाल्यावर गोव्याला परतला आणि १६४० च्या दशकात तिथला इतिहास लिहून पुरा केला. त्याबरोबर नकाशा काढला. त्याआधीचे युरोपी नकाशे, ओर्टेलियसचा १५७३ चा धरून, इथिओपिया खेचून पार विषुववृत्ताच्या खाली नेत. नाईल कुठल्यातरी दक्षिणेच्या सरोवरांतून आणि चंद्राच्या डोंगरांतून येते असं दाखवत. आल्मेइदाने देश त्याच्या खऱ्या मापात आणला, ताना सरोवर जागेवर बसवलं आणि अबायचा तो वळसा काढला.

मुठाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. एका रात्रीत इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. पण आल्मेइदाने १६४० च्या दशकात वळसा काढला म्हणता, मग माझ्या ॲटलासात त्याच वळशावर टिंबं का? माझं घोडं अजून तिथेच अडलंय.

पाणलोट

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. उत्तराकडे येण्याआधी पाण्याचा हिशोब मांडतो.

ज्या झऱ्यासाठी एवढी माणसं झटली, त्या झऱ्याचं पाणी खार्टूमला पोचणाऱ्या पाण्यात जवळजवळ काहीच नाही. ताना सरोवरातून बाहेर पडणारं सगळं पाणी धरलं, तरी सुदानच्या हद्दीवर मोजलेल्या प्रवाहात त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आतबाहेर. सरोवरात गिलगेल अबायबरोबर रिब, गुमारा, मेगेच याही नद्या येतात. बाकीचं पाणी येतं ते पुढे दरीत: बेशिलो, जम्मा, मुगेर, गुदेर, दिदेसा, दाबुस. म्हणजे नदी खरी भरते ती ताईंच्या टिंबांत.

आणि भरते ती चार महिन्यांत. तिकडच्या पावसाळ्याला 'किरेम्त' म्हणतात, जून ते सप्टेंबर, अगदी आपल्यासारखाच. ऑगस्टमध्ये अबाय इतकी फुगते की खार्टूमला ती पांढऱ्या नाईलला मागे रेटते. इजिप्तच्या शेतांवर हजारो वर्षं बसलेला गाळ मुख्यतः याच पठारावरचा. हद्दीवर वर्षाला सरासरी ५० अब्ज घनमीटर पाणी जातं.

आता तिथे मोठं धरण झालं आहे. २०११ ला काम सुरू, ९ सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन. साठा ७४ अब्ज घनमीटर, वीज ५१५० मेगावॉट. आपल्या भाषेत सांगतो: कोयना १०५ टीएमसी, हे धरण सुमारे २६०० टीएमसी. पंचवीस कोयना! सगळं आयुष्य टीएमसी मोजण्यात गेलं, तरी हा आकडा लिहिताना हात थांबला.

वाळवंटातली_वही

पाणलोटकाका, १९०२ चा करारही सांगायला हवा. ब्रिटिशांनी मेनेलिक सम्राटाकडून लिहून घेतलं होतं की अबाय, ताना सरोवर किंवा सोबात यांचं पाणी अडेल असं बांधकाम ब्रिटिश आणि सुदान सरकारच्या संमतीशिवाय करणार नाही. ज्यांच्या डोंगरावर पाऊस पडतो त्यांनीच परवानगी मागायची. तिकडे म्हण आहे: 'अबायच्या लेकराला पाण्याची तहान.'

पाणलोट

धरण उशाला, कोरड घशाला. आपलीही तीच म्हण. मराठवाड्यात नोकरी केली आहे, त्यामुळे ही म्हण मला कुणी समजावून द्यावी लागत नाही. अर्थात खालच्या सुदान-इजिप्तची काळजीही खोटी नाही. दुष्काळी वर्षात पाणी किती सोडायचं याचा लेखी करार झाला पाहिजे. आपण कृष्णेवरून किती वर्षं भांडतोय बघा.

कारळचटणी

अवांतर होतंय, पण राहवत नाही. आपली नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली. आणि कारळे! ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो ते कारळे, काही भागांत खुरासणी म्हणतात, ते मूळचं इथिओपियाचं. तिकडे त्याला 'नूग' म्हणतात, तेल काढतात. भाद्रपद-अश्विनात घाटावर कारळ्याची पिवळी शेतं दिसतात, तशीच गोज्जामच्या पठारावर पाऊस सरताना दिसतात. हे कळल्यापासून चटणी कुटताना मला दरवेळी आठवण होते.

गडवाट

कारळचटणी, हे अवांतर नाही हो, हाच विषय. माझी आजी आदिवासी पाड्यावरून खुरासणीचं तेल आणायची.

पेठकर

मग मलिक अंबर पण आला पाहिजे. हबशी मुलुखातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा कर्ता झाला आणि औरंगाबादला नहर आणली. जमिनीखालून पाणी खेळवणारा माणूस पाण्याच्या डोंगरातून आलेला.

वाळवंटातली_वही

पेठकर, तो आला नक्की कुठल्या भागातून यावर वाद आहे. अबायच्या खोऱ्यातला असं म्हणता येणार नाही. पण इथिओपियाचा, हे खरं.

घाटवाटा

सगळं वाचून काढलं. आता ताईंच्या टिंबांबद्दल लिहितो. मी नकाशांच्या कामातला माणूस, सर्वेक्षणात तीस वर्षं काढली, त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिवाजवळचा.

उगम सापडणं अवघड नव्हतं, कारण उगमापाशी माणसं राहतात. गिश म्हणजे थंड हवेचं, पिकाऊ, वस्तीचं पठार. राजाची छावणी पोचते तिथे पाद्रीही पोचतो. ताना सरोवराच्या काठी तर राजधान्या होत्या. वस्तीतून वस्तीत जाणाऱ्या वाटा असल्या की नकाशा होतो.

दरी मात्र एक किलोमीटरहून जास्त खोल, काही ठिकाणी दीड किलोमीटर. वर काठावर स्वेटर घालावा लागतो आणि तळाशी अंगाची लाही होते. खाली हिवताप, मगरी आणि वस्ती नाही. गोज्जामचा माणूस माथ्यावर राहतो, पलीकडच्या शोआचाही माथ्यावर. त्याला नदी ओलांडायची असते, नदीच्या कडेने चालायचं नसतं. मिठाचे, कापडाचे, कॉफीचे तांडे ठरलेल्या उतारांवर, म्हणजे नदी पायी ओलांडता येते अशा जागी, येत, उन्हाळ्यात पाणी कमी असताना पार होत आणि पलीकडच्या घाटाने वर चढत. पावसाळ्यात उतार बंद, चार महिने दोन्ही बाजू तुटलेल्या. म्हणून लोकांना नदी पक्की माहीत होती ती त्या त्या उताराशी. दोन उतारांमधल्या नदीवर कुणाचंच काम नव्हतं. आपला सह्याद्रीच घ्या. नाणेघाट, बोरघाट, आंबेनळी ही नावं सगळ्यांना ठाऊक, पण कड्याच्या तळाने सलग चालत जाणारा कोण होता?

आल्मेइदाने वळसा काढला तो ऐकून आणि दोनचार जागी पाहून. आकार बरोबर, जागा अंदाजाने. शिवाय त्या काळी अक्षांश सूर्यावरून मिळायचा, रेखांश काढायचं भरवशाचं साधनच नव्हतं. १९ व्या शतकात मोजणीची शिस्त आली आणि नकाशा करणारे प्रामाणिक झाले: जे मोजलं ते सलग रेघेत, जे ऐकलं ते टिंबांत. ताई, ती टिंबं म्हणजे चूक नाही. नकाशा करणाऱ्याने खरं बोलल्याची ती खूण आहे. जुन्या नकाशांत टिंबं नाहीत, कारण त्यांत अंदाजही ठळक रेघेतच काढलेला असे.

१९०३ मध्ये मॅकमिलन नावाच्या अमेरिकन माणसाने होड्यांतून दरी उतरायचा बेत केला. होड्या सुरुवातीलाच फुटल्या. मग १९२५ मध्ये रॉबर्ट चीजमन हा ब्रिटिश कॉन्सल, म्हणजे वाणिज्यदूत, म्हणून दांगिला गावी नेमला गेला. गोज्जाममध्येच. १९३४ पर्यंत तो तिथे होता. त्याच्या लक्षात आलं की जगातली एक प्रसिद्ध नदी आपल्या दाराशी टिंबांत वाहते आहे. होडीचा नाद त्याने धरला नाही. खेचरं घेऊन दरीच्या माथ्यामाथ्याने चालला, जिथे वाट होती तिथे तळाशी उतरला, जागा मोजली, पुन्हा वर. वर्षानुवर्षं, सुट्टीत, कामातून वेळ काढून. त्याचं पुस्तक १९३६ ला निघालं आणि त्यानंतरच्या नकाशांत टिंबं जोडली गेली. पुढे अमेरिकन सर्वेक्षणाने १९५६ ते १९६४ या काळात विमानातून फोटो काढून सगळं खोरं मापलं. १९६८ मध्ये ब्रिटिश सैनिकांची मोठी तुकडी ऐन पुरात रबरी होड्यांतून दरीत उतरली. त्यांचा एक सैनिक वाहून गेला. उगमापासून भूमध्य समुद्रापर्यंत सलग पाण्यातून माणसं गेली ती २००४ मध्ये.

म्हणजे उगम १६१८, दरी १९३४. तीनशे सोळा वर्षं.

दुर्बीण

घाटवाटा, दंडवत. 'नकाशा करणाऱ्याने खरं बोलल्याची खूण' हे मी वहीत उतरवून घेतलं.

सुरंगी

मीही. आणि चीजमनबरोबर चाललेले खेचरवाले, वाटाडे?

घाटवाटा

बरोबर धरलंत. खाली उतरायची वाट कुठे आहे हे त्याला दरवेळी गावकऱ्यांनीच दाखवलं. आमच्या कामात पण हेच. माझ्या सगळ्या शीटांवर माझी सही आहे आणि डोंगरात पुढे चालणाऱ्या गावकऱ्याची नाही.

फिरस्ती_मी

मी गिशला जाऊन आले आहे, सात-आठ वर्षांपूर्वी, बहर दारहून. आता तिकडची परिस्थिती अशांत आहे, त्यामुळे जायचा विचार असणाऱ्यांनी आधी नीट चौकशी करा.

डोंगराच्या उतारावर ओलं गवताळ कुरण, चर्चचं आवार आणि झऱ्यावर छोटंसं पत्र्याचं छप्पर. रांगेत बायका, म्हातारी माणसं, हातात पिवळे प्लॅस्टिकचे डबे. पाणी उपाशीपोटीच घ्यायचं. मी सकाळी नाश्ता करून गेले होते, खरं सांगितलं, तर तिथल्या पाद्रीबाबांनी हसून मला कुंपणापाशीच थांबवलं. पाण्यापर्यंत गेले नाही, पण वाईट वाटलं नाही. आपल्याकडेही सोवळं असतंच. एका आजींनी आपल्या डब्यातलं थोडं पाणी माझ्या हातावर शिंपडलं. थंडगार. झेराब्रुक नावाच्या संताची कथा तिथे सांगतात: पकडायला आले तेव्हा त्याने आपले ग्रंथ या पाण्याच्या स्वाधीन केले आणि सुटून आल्यावर पाण्याने ते कोरडेच परत दिले.

टिस अबायचा धबधबा मात्र पाहून जीव हळहळला. पाणी वीजघरांकडे वळवलेलं, त्यामुळे रुंद काळ्या कड्यावरून एका बाजूला बारीक धार. पावसाळ्याशेवटी बरा दिसतो म्हणतात. धबधब्याच्या खाली सतराव्या शतकातला दगडी पूल आहे, त्यावरून अजून गाढवं जातात, बाजाराला जाणारी माणसं जातात.

सुरंगी

फिरस्तीताई, तो पूल सूसेन्योसच्या काळातला, १६२६ च्या सुमाराचा. आल्मेइदाने लिहिलंय की तोवर त्या देशात चुन्याचं बांधकाम नव्हतं. चुनखडी ओळखून दिली ती हिंदुस्थानातून आलेल्या एका माणसाने. त्यानंतरच असे पूल आणि वाडे बांधता आले.

गडवाट

चुना! आमच्या किल्ल्यांवर चुन्याच्या घाणीचं दगडी चाक पडलेलं दिसतं, त्यावर मी नेहमी हात ठेवून येतो. पुढच्या वेळी अबायचा पूल आठवेल.

घाटवाटा

मुठाकाठीताई, एक विचारायचं राहिलं. आजोबांचा तो पुसट शब्द वाचायचा प्रयत्न करा ना. भिंग घ्या आणि पान उजेडाला तिरकं धरा. पेन्सिलीची खाच दिसते. अदिस अबाबाहून डेब्रे मार्कोसला जायचा रस्ता गोहा त्सियोनपाशी दरीत उतरतो आणि पलीकडे देजेनला वर येतो. आजोबा तिथूनच गेले असणार.

मुठाकाठी

घाटवाटाकाका, आत्ता रात्री अकरा वाजता आईला उठवून दोघींनी पाहिलं. तुम्ही सांगितलंत तसं पान टॉर्चपुढे तिरकं धरलं. शब्द देवनागरीत आहे. पहिलं अक्षर 'श', मग 'फा'. आई म्हणाली 'शफार्तक' असावं, कारण आजोबा गोष्ट सांगताना तो शब्द म्हणायचे आणि तिला लहानपणी तो मंत्र वाटायचा.

घाटवाटा

शफार्तक! त्या दरीतल्या पुलाचं नाव आहे ते.

मुठाकाठी

काका, आई रडतेय. बरं वाटून रडतेय.

आणखी एक. भिंगातून पाहताना दिसलं की शफार्तकपाशी दोन टिंबं आजोबांनी पेन्सिलीने एकमेकांना जोडली आहेत. बारीक रेघ, एवढीशीच, अर्ध्या नखाएवढी. पुढची टिंबं तशीच ठेवलीत.